काठी कुणाकडे वळते

काठी वळली, तशी मांडवातली मंडळी खुर्च्या मागे सारून उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. चाचणी मैदानाच्या मध्यावर एक तरुण अधिकारी काठीची मूठ धरून उभा होता. मुठीतून निघालेली लांब तार जमिनीतल्या एका जागेकडे वळून थांबली होती. दोघांनी ती जागा उकरली आणि खालून स्फोटकाची वडी काढून सगळ्यांना दाखवली. सकाळपासून त्याची एकही फेरी चुकली नव्हती.

तो अधिकारी माझा भाचा. माझ्यापेक्षा हातभर उंच झाला, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत गेला, तरी मी त्याला छोट्याच म्हणते. बहीण गेली तेव्हा तो चड्डीची नाडी बांधता न येण्याच्या वयाचा होता. माझं लग्न, संसार असं काही झालं नाही. जे काही घर म्हणून आहे, ते आम्हा दोघांचं.

आणि मी संरक्षण संशोधनाच्या कंत्राटांची परीक्षक. सरकारने ज्या कामासाठी पैसे दिले ते काम खरंच झालं का, आणि झालं तर त्याचा काही उपयोग आहे का, हे पाहणाऱ्या समितीतली एक. या कामात माणसं जोडली जात नाहीत. त्या दिवशीही मी रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर होते आणि शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

काठी बनवणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणत. मी मनातल्या मनात बुवा म्हणायचे. पांढरा सदरा, हळू आवाज आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. स्फोटकातून म्हणे एक सूक्ष्म स्पंदन निघतं आणि माणसाच्या शरीरातली वीज ते ओळखते, म्हणून काठीला बॅटरीच लागत नाही. मुठीच्या आत काय आहे असं कोणी विचारलं की तो बोट ओठांवर ठेवायचा, कारण ते गोपनीय होतं. जुन्या बुवांना पडदा लागायचा, याला शिक्का पुरत होता. शिवाय जवळ शंकेखोर माणूस असेल तर स्पंदन बिघडतं, हेही तो आधीच सांगून ठेवायचा.

शंकेखोर आमच्यात कोण होतं म्हणा. काम मंजूर करणारे आणि काम तपासणारे एकाच विभागातले, म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. चाचणी कशी घ्यायची हेसुद्धा बुवानेच लिहून दिलं होतं. वडी त्याची माणसं पुरणार, पाहुण्यांना जागा आधी दाखवणार आणि छोट्याने तेवढा वेळ कनातीमागे थांबायचं. एवढी चाचणी पार पडली, समितीच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, की काठ्या थेट तुकड्यांकडे जाणार होत्या. पहिली काठी छोट्याच्याच तुकडीला मिळायची होती. इतरांना शिकवायलाही त्यालाच नेमलं होतं.

मंडळी काठीकडे बघत होती. मला मात्र मैदानाच्या कडेने फिरणारी रुग्णवाहिका दिसत होती. प्रत्येक फेरीआधी ती सुरू व्हायची, थोडी पुढे किंवा मागे जायची आणि मागची दारं उघडून थांबायची. मैदानाचा नियमच तसा आहे. स्फोटक जिथे पुरलं असेल त्याच्या जवळच्या कडेला रुग्णवाहिका उभी करायची, दारं त्या बाजूला ठेवून. या वडीला पेटवणारा भाग जोडलेलाच नव्हता, ती फुटणं शक्य नव्हतं. पण नियम तो नियम, त्यावर कोणी विचार करत नाही.

छोट्यानेच मला एकदा जेवताना सांगितलं होतं, "मावशी, मैदानात उतरलो की आधी गाडी कुठे आहे ते बघायचं. काही झालं तर कुठल्या दिशेने सरपटायचं ते डोक्यात पक्कं असतं." मी घास तसाच हातात धरून बसले होते. आता तेच वाक्य आठवलं आणि पुढच्या फेरीला मी आधी गाडीची दारं पाहिली, मग काठी. ती तिकडेच वळली.

त्या दिवशी मी सही केली नाही. संध्याकाळी छोट्याला घरी बसवून सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, काठी त्याच्या हातात आपोआप वळते, ती ओढ त्याला जाणवते, आणि मी आयुष्यभर कागद तपासले, जमिनीवर कधी पोटावर झोपले नाही. ते खरं होतं. मग त्याने बूट घातले आणि तुकडीच्या मित्रांकडे झोपायला गेला.

ऑफिसात बातमी पसरली. जेवणाच्या सुट्टीत मी बसले त्या टेबलावरची मंडळी एकेक करून काहीतरी आठवल्यासारखी उठली. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. आमची ओळख जुनी, म्हणून ते चिडले नाहीत, नुसते दमल्यासारखे बोलले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, एका सहीसाठी कशाला अडवता, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीने चाचणी घ्या, मग सही करते.

बुवाने हे ऐकलं आणि स्पंदन, वातावरण, शंका वगैरे सुरू केलं. पण छोट्या पुढे झाला. "होऊन जाऊ दे, सर. मावशीची खात्री पटू दे," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच बुवाची पंचाईत झाली.

मैदानात बऱ्याच जागा सारख्याच उकरून बुजवल्या, म्हणजे ताज्या मातीने चहाडी करू नये. वडी त्यांतल्या एकाच जागी पुरायची होती. पुरायला दुसऱ्या विभागातली दोन माणसं आणली. रुग्णवाहिका वडीपासून लांबच्या कोपऱ्यात लावायला सांगून ती माणसं जीपमध्ये बसली आणि बाहेर गेली. तोवर आम्ही सगळे मैदानाबाहेर होतो, त्यामुळे मांडवातल्या कोणालाही जागा माहीत नव्हती. मलाही नाही. मला एवढंच माहीत होतं की वडी गाडीजवळ नाही, आणि माझ्या तोंडावरून कोणाला काही कळू नये म्हणून मी खुर्ची फिरवून मैदानाकडे पाठ करून बसले.

सगळे पलीकडे बघत होते आणि मी एकटी मांडवाच्या कापडाकडे. मागे छोट्याच्या बुटांचा आवाज लांब जाताना ऐकू येत होता. तो चुकावा असं मला वाटत होतं. ज्या पोराचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, तो सगळ्यांदेखत तोंडघशी पडावा अशी मी वाट बघत होते. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मी वळले. काठी ठामपणे वळली होती, रुग्णवाहिकेच्या उघड्या दारांसमोर. त्यांनी उकरलं. आणखी खोल उकरलं. खाली नुसती माती होती.

जीप परत बोलावली. त्या दोघांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं आणि आम्ही सगळे चालत तिथे गेलो. बुजवलेल्या मातीवर एका बुटाचा ठसा स्वच्छ उमटला होता. गाडीच्या दिशेने जाताना छोट्या तिथे पाय देऊन पुढे गेला होता. अध्यक्षांनी ठसा पाहिला, मग छोट्याचे बूट पाहिले, आणि स्वतःची टोपी काढून हातात घेतली.

बुवा म्हणाला, जमिनीत ओल होती. मग म्हणाला, गर्दीत नकारात्मक माणसं होती. नाचता येईना अंगण वाकडं. अध्यक्षांनी मुठीवरचा गोपनीयतेचा शिक्का स्वतःच्या हाताने तोडून मूठ उघडली. आत पोकळी होती आणि एक सैल बिजागरी, बाकी काही नाही.

तिथेच उभं राहून मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मनाला जिकडे वाटतं तिकडे मनगट आपल्या नकळत केसभर झुकतं. सैल तारेला तेवढंच पुरतं, ती गर्रकन फिरते, आणि धरणाऱ्याला वाटतं की तिनेच ओढलं. दिशा रुग्णवाहिका सांगत होती. नेमकी जागा आपण सांगत होतो, कारण ती आपल्याला माहीत होती, आणि तो जवळ आला की मांडवात श्वास रोखले जायचे. काठी आपल्याकडूनच शिकत होती.

काठ्या तुकड्यांकडे गेल्या नाहीत. छोट्याची नेमणूकही गेली. कपडे न्यायला तो घरी आला आणि दारातच उभा राहिला.

"मी खोटं बोलत नव्हतो, मावशी. ती वळायची माझ्या हातात."

"माहीत आहे मला."

"मग सगळ्यांसमोर का?"

"घरात सांगितलं तेव्हा तू हसलास रे."

त्याने पिशवी खांद्यावर टाकली. जेवून जा म्हटलं तर भूक नाही म्हणाला. आता तो लांबच्या ठाण्यावर आहे. जुनं बीप वाजवणारं यंत्र आणि लोखंडी सळई घेऊन, पोटावर सरपटत, वितीवितीने जमीन तपासतो. हळू काम आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. त्याची खबर मला अध्यक्षांकडून कळते.

हे मी एवढ्यासाठी लिहिलं की असा बुवा तुमच्याही दारात येईल. त्याच्याकडे काठी असेल, नाहीतर औषध किंवा अंगारा. हातात धरणारा माणूस प्रामाणिक असेल, कदाचित तुमच्याच घरातला असेल, आणि म्हणूनच तुम्हाला ते खरं वाटेल. त्याच्याशी वाद घालू नका. ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांना बाहेर पाठवा आणि तेच पुन्हा करून दाखवायला सांगा. खरं असेल तर ते होईल. विचारणाऱ्याला लोक वाईट म्हणतील, टेबलावरून उठून जातील, तरी विचारा.

रविवारी मी फोनजवळ बसते. तो वाजत नाही. छोट्या रागावला आहे म्हणून तो वाजत नाही, आणि रागावायला माणूस जिवंत असावा लागतो.