रामडोह आणि दोनशे पासष्ट

सुपारी फुटली तशी दोन्ही घरांनी त्या दोघांना फोनवर बोलायची मोकळीक दिली, आणि आपल्यापाशी बोलायला काहीच नाही हे शरयूला थोड्याच दिवसांत उमगले. ती वाईची. वडिलांचे बाजारपेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते आणि ती स्वतः एका शाळेत मराठी शिकवीत होती. अवधूत मूळचा आष्ट्याचा. घरी उसाची शेती, थोरला भाऊ सैन्यात. हा सांगलीत खोली घेऊन राहायचा आणि कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रावर लोखंडी सुटे भाग घडवायचा. संध्याकाळी फोन यायचा. जेवण झाले का, पाऊस आहे का, शाळा कशी चालली आहे. आणि मग ज्याला कुठलाही तळ नाही असा एक थांबा.

मुलगा निर्व्यसनी आहे, असे सगळे सांगत. शरयूला तो शब्द दुकानातल्या नव्या कळशीसारखा वाटे. टिचकी मारली की छान वाजायचा, पण आत काय आहे ते मुळीच सांगायचा नाही. जन्मभर ज्याच्या शब्दावर विसंबायचे तो माणूस कोणी बघत नसताना कसा वागतो, एवढेच तिला लग्नाआधी कळायला हवे होते, आणि नेमके तेवढेच कळायची सोय नव्हती.

“माणूस दोन ठिकाणी कळतो गं,” मंगलमावशी शेंगा फोडता फोडता म्हणाली होती. “एक प्रवासात आणि दुसरा पत्त्यांत. तुझ्या काकांना मी रमी खेळताना ओळखलं. पण लग्नानंतर ओळखलं, त्यामुळे काही उपयोग झाला नाही.”

पत्ते नाहीत, पण खेळ मिळाला. एकदा बोलता बोलता अवधूत म्हणाला, की लहानपणी शेजारच्या तात्याबांच्या पोराकडे हातात धरून खेळायचे एक यंत्र होते, त्यात राक्षस पकडून त्यांच्या झुंजी लावायच्या.

“सुरुवातीला एक म्हातारा तीन राक्षस पुढे ठेवतो आणि एकच घ्यायला सांगतो, तो का?” शरयूने विचारले.

पलीकडून असा आवाज आला, जो तिने त्याच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

“आयला! तुमाला कसं ठाऊक?”

तिलाही तिच्या मामाने दुबईहून तेच यंत्र आणून दिले होते. आता तो जुना खेळ फोनवर चालवता येत होता. चौकोनी ठिपक्यांची चित्रे, करकरीत शिट्ट्यांचे संगीत, आणि हिरवट पडद्यावर जणू मीठ सांडल्यासारखे चांदणे. दोघांनी आपापल्या गावी, आपापल्या फोनवर तो नव्याने सुरू करायचा, असे ठरले. नियम मात्र शरयूने घातले. खेळातल्या प्रत्येक नव्या मुलुखात पाऊल टाकल्यावर जो राक्षस पहिला भेटेल तोच घ्यायचा, आवडो न आवडो. झुंजीत पडला तर तो कायमचा गेला. आणि एकाच मुलुखात दोघांना भेटलेल्या राक्षसांची जोडी मानायची. एकाचा पडला की दुसऱ्याने आपला धडधाकट राक्षसही सोडून द्यायचा.

“म्हंजे बैलजोडीगत,” अवधूत म्हणाला. “एक बसला की दुसरा गोठ्यात. पण शरयू, तुमी तिकडं, मी हिकडं. कुणी लबाडी केली तर?”

“तर कोणाला कळणार?” ती सहज म्हणाली. पण ते सहज नव्हते.

तिने आपल्या राक्षसांना वाईच्या घाटांची नावे दिली: गंगापुरी, धर्मपुरी, भीमकुंड. अवधूतने नावे दिली ती उसाच्या जातींची. “आठ हजार पाचला ताप चढलाय,” तो सांगायचा, “आन् शहाऐंशी बत्तीस निसता झोपतोय. आमच्या मळ्यातबी हेच करतोय त्यो.” मग संध्याकाळचे फोन लांबू लागले. कारखान्यातला बिराप्पा जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खांद्यावरून डोकावून सल्ले द्यायचा. झुंजीत काय करावे यावर वाद व्हायचे, टोमणे व्हायचे. खेळ जुना असल्यामुळे निवडीला वाव थोडा. अर्ध्या मुलुखांत वटवाघळांखेरीज काही भेटत नसे, आणि नियमामुळे तेच पोटाशी धरावे लागे. अवधूतच्या वाट्याला तर एक मासा आला होता, जो जमिनीवर नुसता तडफडायचा. त्यालाही त्याने तक्रार न करता वाढवले.

खरा कणा होता तो पहिल्या गुहेत मिळालेल्या जोडीचा. तिच्याकडे रामडोह, पाणमांजरासारखा चपळ. त्याच्याकडे दोनशे पासष्ट, पाठीवर टेकडी वागवणारा कासवाच्या जातीचा राक्षस. अवधूतच्या फौजेत आगीपुढे टिकणारा दुसरा कोणी नव्हता, आणि खेळाच्या शेवटी जो राजा बसला होता त्याचे सगळे राक्षस आगीचे. पावसाळा सरला, मळ्यांत तुरे दिसू लागले. त्या काळात दोघांच्या काही जोड्या गेल्या. तो “पडला” म्हणायचा आणि ती आपला सोडायची. ती “पडला” म्हणायची आणि तो “सोडला” म्हणायचा. पण ते सगळे किरकोळ राक्षस होते. क्षुल्लक वस्तूबद्दल खरे बोलणे कोणालाही परवडते, असे शरयूच्या मनात येई आणि ते एकदा आले की जाता जात नसे.

म्हणून राजाच्या महालाच्या दाराशी आल्यावर, एका संध्याकाळी, तिने फोनवर सांगितले, “रामडोह पडला.”

पडला नव्हता. तो तिच्या पडद्यावर शेपटी हलवीत उभा होता.

पलीकडे खेळाच्या शिट्ट्यांचे संगीत बंद झाले.

“कसा?” अवधूतने विचारले.

“विजेचा घाव बसला. माझीच चूक झाली.”

“न्हाई वो, चूक कसली. विजेफुडं पान्यातला टिकत न्हाईच. बरं. सोडतो मग.”

“हवं तर राजाची लढाई होईपर्यंत ठेवा,” ती म्हणाली. आपला आवाज इतका स्वाभाविक निघतो आहे याचे तिलाच नवल वाटले. “नंतर सोडा. मी काही बघायला येत नाही.”

“ठेवला तर जिंकीन,” अवधूत म्हणाला. “पर मग ते दोघांचं जिंकनं कसं हुईल? एकट्यानं जिंकायचं असतं तर गेल्या उन्हाळ्यातच एकटा खेळलो असतो की.”

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो शाळेच्या मधल्या सुट्टीत. दोनशे पासष्टला सोडले, पण महालाच्या दाराशी नाही. त्याला घेऊन तो सगळे मुलूख उलटे तुडवीत त्या पहिल्या गुहेपर्यंत गेला होता आणि जिथे धरले तिथेच त्याला सोडले होते. खेळाला याचे काही सोयरसुतक नव्हते. कुठेही कळ दाबली तरी राक्षस सारखाच नाहीसा होई.

“बिराप्पा हसला मला,” तो सांगत होता. “पर बाजारात इकलेला बैलबी वाटंत सोडून देत न्हाईत, दावनीपातूर नेत्यात. आता फौज लय लंगडी झालीया. हरनार, असं दिसतंय. हरू.”

शरयू खडू हातात धरून व्हरांड्यात उभी राहिली. तिला हवे होते ते मिळाले होते, निःशंक, मागितले त्याहून थोडे जास्तच. आणि ते हातात येताच तिच्या ध्यानात आले, की या जोडीत शब्द मोडणारे माणूस निघाले खरे, फक्त ते सांगलीत नव्हते.

यातून सुटायला एक वाट सोपी होती. रामडोहला तिने गुपचूप सोडून दिले असते तर दोन्हीकडचा हिशेब जुळला असता. जे घडले असे सांगितले तेच घडल्यासारखे झाले असते, आणि ती थाप पाण्यात विरघळलेल्या मिठासारखी दिसेनाशी झाली असती. दोन दिवस ती त्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. राक्षस सोडायच्या कळीवर बोट ठेवायची आणि उचलायची. पाणी खारट झालेले त्याला कधी कळणार नव्हते. पण प्यायचे तर दोघांनाही होते.

तेवढ्यात अवधूतची वहिनी विजयमाला बस्ता बांधायच्या बेताने वाईला आली आणि तिच्यासोबत तोही आला. बायका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या उलगडीत बसल्या तेव्हा शरयू त्याला म्हणाली, “जरा घाटावर येता?”

कृष्णेला पाणी होते. पायऱ्यांवर कोणी सतरंज्या वाळत घातल्या होत्या. तिने फोन काढला, खेळ उघडला आणि काही न बोलता त्याच्या हातात दिला. रामडोह पडद्यावर शेपटी हलवीत होता.

अवधूतने आधी हसून पाहिले. मग हसू राहिले, पण त्यातला जीव गेला.

“ह्यो पडला हुता ना?”

“नाही. मी खोटं सांगितलं. तुम्ही काय करता ते बघायचं होतं मला.”

तो पायरीवर बसला. फोन त्याने दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला, अगदी हळू.

“दोनशे पासष्ट गेला की वो,” तो म्हणाला. थोड्या वेळाने आवाज बदलला. “बाजारात बैल घेताना दात बघत्यात, शरयू. तोंडात हात घालून बघत्यात. त्याचं मला काय न्हाई. पर धा मानसांदेखत, उघड्यावर बघत्यात. चोरून कोन बघत न्हाई.”

“चुकलं माझं.”

“चुकलं तर हायच.” तो उठला. “मला आत्ता काय बोलता याचं न्हाई. वहिनी वाट बघत आसंल.”

दुकानात परतल्यावर त्याने वहिनीने विचारलेल्या प्रत्येक साडीला “चांगली हाय” म्हटले. संध्याकाळी ती दोघे निघून गेली. त्या दिवशी फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घरात पत्रिकेच्या मजकुरावर चर्चा चालली होती. वडील विचारीत होते, की नाव आधी कोणाचे छापायचे. शरयू उत्तरे देत होती. लग्न होणार की मोडणार हे एका अशा माणसाच्या हाती होते ज्याच्याविषयी तिला आता सगळे ठाऊक होते. आणि त्याला तिच्याविषयी जे ठाऊक झाले ते तिनेच त्याच्या हातात दिले होते. या वेळी बघायला काही नव्हते, युक्ती नव्हती. नुसते थांबायचे होते. तिने रामडोहला घेतले, त्या पहिल्या गुहेपर्यंत चालवीत नेले आणि सोडले. हे कोणाला सांगायचे नव्हते.

त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुपारी, फोन वाजला.

“एक सांगा,” अवधूत म्हणाला, आगापिछा काहीही न लावता. “मी त्याला सोडला नसता आन् सोडला म्हणून सांगितलं असतं, तर?”

“तर मला कळलंच नसतं.” हे तिला आत्ता, बोलताना प्रथमच दिसले. “तुम्ही सोडला म्हणालात, आणि मी मानलं. बघितलं काहीच नाही.”

“मंग पारख कसली झाली?”

“कसलीच नाही.”

पलीकडे त्याने श्वास सोडला. ते हसू होते की काय ते तिला ठरवता येईना.

“माझा राग गेला न्हाई आजून,” तो म्हणाला. “पर तुमी सांगितलं नसतं तर मला जलमात कळलं नसतं, हेबी खरं हाय. दोन दिस ह्याच दोन गोष्टी तोलतोय. काटा हलतोय निसता.” मग, “फौज लावली हाय मी. राजाफुडं जातो. तुमी फोनवर थांबा.”

ती थांबली. आपला फोन कानाशी धरून, घरातला दुसरा फोन मांडीवर घेऊन; आपला चालू खेळ तिने त्यावर उतरवून घेतला होता. अवधूत एकेक हालचाल सांगत गेला. राजाचा पहिला राक्षस आगीचा लोट सोडीत आला आणि आठ हजार पाच पडला. तिने त्याच्या जोडीच्या भीमकुंडला सोडले. शहाऐंशी बत्तीस नेमक्या वेळी झोपला आणि पडला. त्याची जोडीदार गंगापुरी गेली. तडफडणाऱ्या माशाचा आता मोठा अजगर झाला होता. त्याने राजाचे दोन राक्षस लोळवले तेव्हा अवधूत खोलीतून ओरडला आणि शरयूही ओरडली, इतकी की आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. पण आगीला अंत नव्हता. तो अजगरही खचत चालला.

त्याची जोडी धर्मपुरीशी होती. पहिल्या दिवसापासून तिने वाढवलेली, निळ्या पंखांची धर्मपुरी.

“पडला,” अवधूत म्हणाला. “संपलं.”

मांडीवरच्या पडद्यावर धर्मपुरी पंख मिटून उभी होती. त्याच्या झुंजीतले शरयूला काहीही दिसले नव्हते. तो जिंकला असता आणि हरलो म्हणाला असता, तरी तिला कळले नसते. ते पडताळावे असे तिला वाटले नाही. तिने कळ दाबली. पडद्याने खात्री आहे का, असे विचारले. तिने पुन्हा दाबली.

“सोडली,” ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माठातून पाणी घेतल्याचा, ते पिऊन झाल्याचा. “खरंच?” असे त्याने विचारले नाही.

“बरं,” तो म्हणाला. “वहिनी इचारत हुती, पत्रिका कुठल्या रंगाच्या छापताय.”