रॉकेलचा वास

दफनानंतरच्या तिसऱ्या रविवारी आर्झेलिया बापाच्या थडग्यावरचं गवत उपटायला गेली, आणि तिथल्या खापऱ्या नीट लावताना तिच्या नाकात रॉकेलचा वास शिरला.

खापऱ्या बुधल्याच्या होत्या. माणूस गेला की त्याच्या हातातली शेवटची वस्तू त्याच्या मातीवर ठेवायची, आणि ठेवण्याआधी फोडायची. अख्खी ठेवली तर साखळी तुटत नाही, घरातलं आणखी कुणीतरी मागोमाग जातं. मेम्फिसबाहेरच्या त्या कबरस्तानात कुठे फुटका कप होता, कुठे काटे मोडलेलं घड्याळ. तिच्या बापाच्या, होझिया प्रुइटच्या, मातीवर तपकिरी बुधला होता. एझ्राकाका आणि डेल्फीमावशीबरोबरच्या बँडमध्ये सव्वीस वर्षं तो बुधल्यात फुंकत आला. ओठ काठाला न टेकवता, बोटभर अंतर राखून. आणि आतून असा घुमारा निघायचा की बाकड्यावरच्या बशा थरथरायच्या.

आर्झेलिया शाळेत शिकवत होती. तिचा त्या साखळीवर विश्वास नव्हता. पण शेवटच्या आठवड्यात बापाने तिचं मनगट धरून म्हटलं होतं, “फोड हं, झेली. माझ्यामागे त्यात कुणी फुंकायचं नाही.” तिने शब्द दिला होता. ऐन वेळी मात्र हात उचलेना. उशीच्या अभ्र्यात बांधलेला बुधला तिने एझ्राकाकाच्या हाती दिला आणि पाठ फिरवली. फुटल्याचा आवाज तेवढा ऐकला.

आता तिने बुधल्याच्या गळ्याची खापरी उन्हात धरून पुन्हा हुंगली. रॉकेलच. रॉकेलच्या बुधल्यात कुणी फुंकत नाही. दोन गाण्यांत डोकं गरगरायला लागतं. आणि तिचा बाप तर दाढेखाली सदा लवंग धरणारा माणूस.

मग फुटलं ते काय?

आठवडाभर ती मुलांना गणितं घालत होती आणि मनात एकेकाचं तोंड आठवून पाहत होती. दफनाच्या दिवशी एझ्राकाका मागे का राहिला होता? डेल्फीमावशीने तिच्याकडे न बघताच मिठी का मारली होती? बँडमध्ये बापाच्या जागी आठ दिवसांत नवा माणूस घेतला म्हणे. तो कशात फुंकतो?

शनिवारी दुपारी ती डेल्फीमावशीच्या अंगणात गेली. कढईत मासे तळले जात होते. मावशी गळ्यात कपडे घासायची पत्र्याची फळी अडकवून, बोटांत शिवणाची अंगुस्तानं घालून बसली होती.

“आली बाई शाळा!” मावशी ओरडली. “आज कुणाला नापास करणार?”

“बघू. अजून पेपर तपासतेय.”

नव्या माणसाचा बुधला काचेचा होता, आरपार दिसणारा. तो ओठ काठाला टेकवून फुंकत होता आणि आवाज किटलीसारखा येत होता. चोर हा नव्हे. तिला जरा निराशाच वाटली.

गाणं सुरू झालं. मावशीची फळी खडखडली. एझ्राकाका नेहमीसारखा उलट्या टबाशी बसला होता: टबाच्या बुडातून निघालेली दोरी, वर झाडूचा दांडा, दांडा मागे ओढला की सूर चढतो. लहानपणी ती या टबाच्या शेजारीच झोपायची. टबाची एक कड विटेवर टेकवून किंचित उचललेली असते, नाहीतर आवाज बाहेर येत नाही. हे बापानेच तिला सांगितलं होतं.

आज वीट नव्हती. टब जमिनीला चिकटून होता आणि सूर घोंगडीत गुंडाळल्यासारखा येत होता. तीस वर्षं वाजवणारा माणूस वीट विसरतो?

गाणं संपलं. सगळे माशांकडे धावले. एझ्राकाका उठला नाही.

“काका, मासे गार होताहेत.”

“इथंच आणून दे ना, पोरी. गुडघा धरलाय.”

“मघाशी पायाने ठेका धरत होतात, तेव्हा धरला नव्हता?”

“तुझं नाक फार लांब झालंय हं, झेली.”

“हो. त्याला रॉकेलसुद्धा कळतं.”

त्याचा चेहरा उतरला. मावशीने अंगुस्तानं काढून मांडीवर ठेवली आणि ती कढईकडे बघत बसली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

आर्झेलियाने टब उचलला. आत उशीचा अभ्रा होता, तिचीच गाठ मारलेला. गाठ सोडायच्या आधीच लवंगेचा वास आला.

“दगड उचलला होता,” एझ्राकाका म्हणाला. “तीनदा उचलला. मग डेल्फीच्या घरातला रॉकेलचा फोडला. तुझी पाठ होती.”

“आणि इथे लपवून फुंकताय.”

“नाही गं. नुसता ठेवतो. तो काचवाला ताल सोडतो. होझिया खाली असला की मला ताल सापडतो.”

“एकदाही फुंकला नाहीत? कशावरून?”

“मला फुंकता येत असतं, तर तीस वर्षं दोरी ओढत बसलो असतो का?”

ती हसली नाही. तिला ते पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. तिने बुधला उराशी धरला. त्याच्या तोंडाशी तोंड नेलं, बोटभर अंतरावर, आणि श्वास आतच ठेवला.

“चला,” ती म्हणाली.

कबरस्तानापर्यंत तो तिच्या मागोमाग चालत आला. गुडघाही दुखत नव्हता. थडग्याशी तिने जड दगड शोधला.

“पाठ फिरवा, काका.”

“झेली, एक शनिवार आणखी...”

“पाठ फिरवा.”

त्याने पाठ फिरवली. तिने दगड एकदाच उचलला.

आवाज विरल्यावर तो वळला, कण्हत खाली बसला, आणि गळ्याची खापरी उचलून त्याने नाकाला लावली. बराच वेळ लावून धरली. त्याचाही तिच्यावर विश्वास नव्हता.

“लवंग,” तो म्हणाला.

तो ती खापरी मातीवर ठेवीपर्यंत आर्झेलिया त्याच्या हाताकडे बघत राहिली.