हारुनच्या मापाचा कोट

शारजाच्या वाळूत इंग्रजांच्या एका पलटणीचा कॅम्प होता. पलटणीकडे जीपगाड्या होत्या, मशीनगन होत्या, वायरलेस होता. ड्रमवाला पोरगा तेवढा नव्हता, आणि मेजरसाहेबाला ते फार लागायचं. त्याच्या पणजोबाच्या वेळी म्हणे लढाईत सगळ्यांच्या पुढे दहा-बारा वर्षांची पोरं ड्रम वाजवत जायची. गोळ्या आधी त्यांनाच लागायच्या, पण मेसमधल्या चित्रात तरी ती हसत होती. तर १९६३ साली साहेबाने ठरवलं, आपणही एक ठेवायचा.

विलायतेहून लाल लोकरीचं कापड आलं, एका कोटापुरतं. ते गेलं कॅम्पच्या टेलरकडे, दाभोळच्या कमरुद्दीनकडे. ऑर्डर होती 'बॉय साइज'. साहेबाच्या मनात पलटणीच्या शाळेतला एक दांडगा अरब पोरगा होता, पण ते त्याने कुणाला सांगितलंच नाही. कमरुद्दीनने ईदच्या कपड्यांना करायचा तेच केलं. पोराचे कपडे म्हटले की आपल्या हारुनला उभं करायचं आणि टेप लावायची. हारुन दहा वर्षांचा, अंगाने काडी.

कोट अरब पोराच्या दंडातच अडकला. मग हा होतो कुणाला, असं साहेबाने विचारलं, आणि कमरुद्दीनने मोठ्या अभिमानाने हारुनला घालून दाखवला.

साहेबाने हिशोब केला. दुसरं कापड मिळणार नव्हतं, दुसरा पोरगा मिळाला होता. "खलास," तो म्हणाला. "यही हमारा ड्रमर."

हारुन खूश. बँडमास्तर जहूरने त्याला वाजवायला शिकवलं. भर उन्हात परेड करून पोरगं घरी यायचं आणि आईलासुद्धा "येस सर" म्हणायचं.

मग बातमी आली की डोंगराकडे दोन टोळ्यांचं विहिरीवरून वाजलंय. पलटण जाणार, ड्रम पुढे.

हारुनच्या आईने, मरियमबीने, नवऱ्याला गाठलं. "तुम्ही शिवलात ना? तुम्हीच उसवा."

सरकारी कापड उसवलं तर जेलात टाकतील, असं कमरुद्दीन म्हणाला. पण पोरगं कोटात मावलंच नाही तर? त्याने दोन्ही बाजू आत घेतल्या, तंबूच्या दोऱ्याने, डबल शिलाई मारून. असला कोट मांजरालाही झाला नसता.

निघायच्या दिवशी हारुनने श्वास रोखला आणि तो आत शिरला. परेड करून करून पोरगं आणखी वाळलं होतं, हे बापाच्या टेपला कळलंच नव्हतं. जहूरने गुडघा टेकवून, ओढून ओढून गळ्यापर्यंत बटणं लावली. साहेब भोवती फिरला. "अब ठीक हुआ. व्हेरी स्मार्ट."

कमरुद्दीनने तोंड उघडलं. बाहेर आलं ते "जी साब".

ऑगस्टचं ऊन. पुढे लाल लोकरीतला हारुन, मागे जीपगाड्या. वायरलेसच्या खरखरीत ड्रम ऐकू येत नाही म्हणून साहेबाने तो बंद ठेवला होता. त्यामुळे भांडण कालच मिटलं, यायची गरज नाही, हा निरोप कुणी ऐकलाच नाही. विहिरीपाशी दोन्ही टोळ्या एकत्र बसून कावा, म्हणजे अरबी कॉफी, पीत होत्या. लाल पोरगा बघून सगळे कौतुकाने उठले, आणि तेवढ्यात तो पडला.

गोळी एकही सुटली नव्हती. जहूर बटणांशी झटत राहिला, ती निघेनात. शेवटी एका म्हाताऱ्याने कमरेचा खंजीर काढून पाठीवरून कोट फाडला. तोवर पोराचा श्वास थांबला होता.

साहेबाला मनापासून वाईट वाटलं. तो स्वतः टेलरच्या खोलीवर आला. पोरगा शूर होता, अगदी चित्रातल्यासारखा, असं म्हणाला. मग जरा घसा खाकरून त्याने कोट टेबलावर ठेवला. पाठ जोडता येईल का?

कमरुद्दीनने कोट उलटा करून पाहिला. येईल, म्हणाला. माप कुणाचं?

"जो भी लडका मिले."

"साब, आपका लडका कितने साल का है?"

साहेबाचा चेहरा जरा खुलला. दहाचा आहे, विलायतेत शाळेत आहे, त्याने सांगितलं.

कमरुद्दीनने गळ्यातली टेप काढली. "उसको बुला लो. माप लेना है."

साहेब टोपी घालून निघून गेला.

पुढच्या बोटीने नवराबायकोला मुंबईला धाडलं. कामावरून का काढलं, असं कमरुद्दीनने धक्क्यावर विचारलं, तेव्हा क्लार्क म्हणाला, मापात चूक.

"ते खरं आहे," मरियमबी म्हणाली, आणि शिडी चढून गेली.