परक्याचा वाडगा

झाकण आजही कोरडंच निघालं.

हात्सुने ते उजेडात धरून पाहिलं, आतून बोट फिरवलं. बोटाला ओल लागली नाही. वाडग्यातल्या रताळ्याच्या भातातून वाफ तर चांगली निघत होती.

"लाकूड जुनं झालंय, वहिनी," उंबऱ्याशी तोफूसाठी भांडं घेऊन बसलेला जिनबेई म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण भाऊजींचा सल्ला काही संपला नव्हता. "वरची लाख उडाली. आता झाकणच वाफ पिऊन टाकतं."

"तुम्ही तुमचा तोफू घ्या, भाऊजी, आणि चालू लागा."

लढाईवर गेलेल्या माणसाचं ताट घरात रोज मांडायचं, ही डोंगरातली जुनी रीत. झाकणाला आतून घाम फुटला, की तो जिथे असेल तिथे सुखरूप. तिचा मुलगा शोसाकु दक्षिणेच्या बेटांवर गेला तेव्हापासून हात्सुने एक दिवस चुकवला नव्हता. आधी झाकण उचललं की थेंब ओघळून तिच्या मनगटावर यायचे. ते आटले मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, तो दुसरा आला तेव्हापासून.

त्या उन्हाळ्यात खालचं शहर बॉम्बांनी एका रात्रीत जळलं. दोन दिवस डोंगरावर राख पडत होती. हात्सुचा तोफू करडा झाला, आणि गावाने तो मुकाट्याने खाल्ला. तिची मुलगी मित्सुए तिथल्या सूतगिरणीत होती. हात्सु चालत गेली, गिरणीची जागा शोधून काढली, पण हाड म्हणून काही हाती लागलं नाही. परत आली, तर शेजारच्या उतारावर एक विमान कोसळलेलं आणि देवदाराला एक परका हवाई छत्रीसकट लटकलेला. खाली उतरवला तेव्हा तो गार पडला होता. सगळ्यात जवळचं वावर हात्सुचं, म्हणून तिच्या बांबूच्या बेटाखाली त्याला पुरला. लांब होता. चटईबाहेर पाय राहिले.

पुढे सम्राटांचं भाषण ऐकायला रेडिओसमोर सगळं गाव माना खाली घालून उभं राहिलं. घरघरीत कुणाला धड काही कळलं नाही. शेवटी शाळामास्तर रडले, तेव्हा कळलं की हरलो. हात्सुने विचारलं, हरलो म्हणजे आता करायचं काय? जिनबेई म्हणाला, काही नाही, बांबूचे भाले ठेवायचे आणि विळे उचलायचे. तेवढ्यात चुलीवरचं सोयाचं दूध करपायला लागलं, म्हणून ती घरी पळाली.

गावाला धास्ती सुडाची होती. जिंकलेले येतील, त्यांचा माणूस आपल्या मातीत सापडला तर आपणच मारला म्हणतील, आणि गाव पेटवतील. म्हणून ठरलं, बांबूच्या बेटाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. हात्सुला ते कुणी शिकवायला नको होतं. तिच्या मुलीचं नखसुद्धा तिला मिळालं नाही. यांना यांची हाडं का मिळावीत? हार मानली असेल सम्राटांनी. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पण त्याला पुरल्यापासून झाकण सुकलं होतं. बेवारस मेलेला भुकेला असतो, आणि भुकेला जवळचं घर धरतो. तो आपल्या शोसाकुच्या ताटात जेवतोय, हे तिच्या लगेच लक्षात आलं. तिने भांडण केलं नाही. मातीचा एक वेगळा वाडगा काढला, त्यात भात भरला आणि बांबूखाली नेऊन ठेवला. "हा तुझा. आत येऊ नकोस," असं बजावलं.

त्या वाडग्याचं झाकण संध्याकाळी उचललं की आतून पाणी टपटपायचं. भात तिथेच असायचा, पण मधोमध खचलेला. कावळा त्याला चोच लावत नव्हता. गावातला कुत्रा त्या बांधावरून जाताना पोट जमिनीला टेकवून जायचा. हिवाळ्यात सगळं वावर दंवाने पांढरं व्हायचं. बांबूखालचा तेवढा माणसाच्या लांबीचा पट्टा काळाच राहायचा, आणि वारा नसताना वर पानं सळसळायची, कुणी कूस बदलावी तशी.

आणि तरी घरातलं झाकण कोरडंच. हावरा आहे मेला, दोन्हीकडे जेवतो, असं म्हणत ती त्याला आणखी वाढायची. एका सकाळी तिला दिसलं, की आपण आधी त्याचा वाडगा भरला, आणि उरलेलं खरवडून शोसाकुला घातलं. त्या दिवशी तिने स्वतः काही खाल्लं नाही.

दुसऱ्या वर्षीची थंडी सुरू झाली आणि जिंकलेल्यांची जीप आली. उतरले दोघंच. एक लालबुंद मानेचा दांडगा शिपाई जीपजवळच सिगारेट पेटवून उभा राहिला. दुसऱ्याच्या अंगावर तोच गणवेश, पण चेहरा इथला. त्याने टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला. आडनाव हामासाकी म्हणाला, जन्म समुद्रापलीकडचा, त्यांच्या देशातला. बोलत होता मात्र कुठल्यातरी जुन्या म्हातारीसारखं. आईकडून शिकलो, म्हणाला.

हरवलेल्या माणसांना शोधतोय, असं त्याने सांगितलं. कोण कसा मेला ते आम्ही विचारत नाही, फक्त घरी न्यायचंय. हात्सुने सांगितलं, की तिला काही माहीत नाही. त्याने मान हलवली, ओसरीच्या कडेला बसला आणि थोडा तोफू मागितला. खाता खाता त्याची नजर धुऊन पालथ्या घातलेल्या दोन वाडग्यांवर गेली.

"घरात कोण कोण असतं, काकू?"

"मी एकटी. तो लाकडी मुलाचा आहे. दक्षिणेला गेलाय."

त्याने मातीच्या वाडग्याबद्दल विचारलं नाही. लाकडी झाकण दोन्ही हातांनी उचललं, आतून पाहिलं आणि होतं तसंच ठेवलं. ते कसं धरायचं हे त्याला माहीत होतं.

"माझी आई मांडायची," तो म्हणाला. "तिकडे तिला, चेहरा इथला म्हणून, तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, आणि मी त्यांच्याच फौजेत. तरी सतरंजीवर माझं ताट मांडायची."

"घाम यायचा?"

"यायचा, म्हणते. खोटंही सांगत असेल."

शिपायाने जीपजवळून हाक मारली. हामासाकी उठला नाही. हात्सुने कुणालाच न विचारलेलं त्याला विचारलं.

"आणि कोरडं राहिलं तर? दीड वर्ष?"

खोटं सांगणं त्याला अवघड नव्हतं, आणि ते तिला हवंही होतं. पण तो नुसता त्या मातीच्या वाडग्याकडे बघत राहिला.

हात्सुला कळत होतं. हा परका बांबूखाली आहे तोवर चोर आहे. चोर आहे तोवर शोसाकु आहे. याला नेला, तर उद्या झाकण उचलताना दोष द्यायला कुणी उरणार नाही. तिकडे वावरात बांबूची पानं सळसळली.

मग ती उठली आणि भिंतीला टेकवलेलं फावडं घेऊन बेटाकडे चालू लागली.

जिनबेई बांधावरून धावत आला. "वहिनी, गाव बुडवाल," म्हणाला, पण दबक्या आवाजात. ती थांबली नाही. तिने जागा दाखवली, हामासाकीने आणि शिपायाने खणलं. हाडं पांढऱ्या कापडात बांधली गेली. गळ्यातली पत्र्याची चकती सापडली, तेव्हा हामासाकी ती पुसून वाचायला लागला.

"नाव नका सांगू मला," हात्सु म्हणाली. "मी त्याला फार बोललेय."

लाल मानेच्या शिपायाने ती काय म्हणाली ते विचारलं असावं. हामासाकीने सांगितलं. शिपाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. ती माती लोटायला लागली, तेव्हा त्याने फावडं तिच्या हातातून घेतलं आणि खड्डा स्वतः बुजवला.

रात्री गावाची बैठक बसली, आणि वहिनीला चार शब्द सुनवायला जिनबेईला पाठवायचं ठरलं. सकाळी तो आला तेव्हा बाहेर दंव पडलं होतं, बांबूखालीसुद्धा, सगळीकडे सारखं. वाक्यं त्याने वाटेत जुळवून ठेवली होती.

हात्सु ताटासमोर बसली होती. कोरडं झाकण बाजूला पडलं होतं. तिने आज निव्वळ तांदळाचा भात केला होता, कुठून आणला देव जाणे, आणि वाडगा शीग लावून भरला होता. जिवंत माणसाच्या जेवणाच्या काड्या आडव्या ठेवतात, मेलेल्याच्या उभ्या. तिने दोन्ही काड्या भातात सरळ उभ्या रोवल्या, एक किंचित कलली ती नीट केली आणि हात मांडीवर ठेवले.

जिनबेईने डोक्यावरची टोपी काढली. तोफूसाठी आणलेलं भांडं आवाज होऊ न देता उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि तिथेच बसला.