चार बोटं वर

सहदेवरावांनी सीट चार बोटं वर घेतली, खालचा बोल्ट आवळला, सीट हलवून पाहिली आणि भिंतीला हात टेकून सायकलवर बसले. खालच्या पेडलवर टाच ठेवली. गुडघा सरळ झाला. गुडघे दुखू नयेत म्हणून पोरगी अनुपमानं नागपूरहून फोनवर सांगितलं होतं, अगदी तसा.

"आता जमलं," ते म्हणाले.

कौशल्याबाई नळापाशी दगडावर धुणं आपटत होत्या. त्यांनी पाहिलं ते नवऱ्याच्या दुसऱ्या पायाकडे. तो अधांतरी लोंबकळत होता.

"पाय टेकत नाही ना, अनूचे बाबा."

"टेकायचाच नसते. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं, मंग टेकते."

"गेल्या साली टेकला असता तर मांडीत सळई पडली नसती."

लोणारच्या बसस्टँडसमोर, थांबल्या सायकलवरून माणूस पडतो आणि मांडी मोडून घेतो, ही गोष्ट गावानं चवीनं चघळली होती. सायकल अनूची, ती सासरी गेली, सायकल इथंच राहिली. डॉक्टरांनी आता ती चालवायला परवानगी दिली होती. कौशल्याबाईंनी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेहकर रोडच्या चढावर गुडघे पुन्हा ठणकले. उतरून पाहतात तर सीट चार बोटं खाली. घसरली असेल, म्हणून त्यांनी घरी येऊन ती वर केली. सकाळी पुन्हा खाली. आणि बोल्टचा पाना सापडला धुण्याच्या दगडावर, साबणाच्या फेसात.

"काऊन खाली करून राह्यली?"

कौशल्याबाईंनी हातातला सदरा आणखी जोरात पिळला.

"मले भेव वाटते. सहा महिने खाटेवर पाह्यलं तुमाले. सारं गाव पाय टेकवून सायकल चालवते, तुमचंच काय येगळं?"

"मलेबी त्याच खाटेचं भेव वाटते," सहदेवराव म्हणाले. "गुडघे असेच दुखले तर सायकल सुटन. मंग पुन्हा तीच खाट."

कौशल्याबाई बादली उचलून आत गेल्या. सहदेवरावांनी सीट पुन्हा वर घेतली. रागावल्या म्हणावं, तर रात्री भाकरीवर तूप होतं. नाही म्हणावं, तर ताटही जरा आदळलं होतं.

सकाळी सीट होती तिथंच होती. सहदेवरावांनी तरीही टाच लावून खात्री केली आणि निघाले. चढावर गुडघे काही बोलले नाहीत. फाट्यापर्यंत जाऊन आले, पण घर जवळ येऊ लागलं तशी धाकधूक वाढू लागली. त्यांना चालवायची भीती नव्हतीच कधी, होती ती थांबायची.

फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबले आणि पुढं उतरायचं नेमकं विसरले. सायकल कलली. पाय जमीन शोधत खाली गेला आणि वाटेतच कशावर तरी घट्ट टेकला.

धुण्याचा दगड होता. नळापासून फाटकापर्यंत मातीत ओरखडा उमटला होता आणि भिंतीला पहार टेकवलेली होती. कौशल्याबाई नळाखाली उघड्या फरशीवर वाकून कपडे घासत होत्या.

"टेकला का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

सहदेवराव सीटवरून उतरलेच नाहीत, तसेच बसून राहिले.

"टेकला," ते म्हणाले.