न विचारलेला आकडा

लोकेशचा पहिला ठोसा जबड्यावर बसला तेव्हा चंद्रशेखरच्या कानांवर अजून हेडफोन होता. दुसऱ्या ठोशासरशी तो वायरसकट खाली गेला आणि टेबलावरचा चहाचा ग्लास फुटला.

"दोन्ही विमानं एकाच उंचीवर? मारून टाकाचं होतं का बे आमाले?"

चंद्रशेखरने हात उचलला नाही. कोहमाऱ्याजवळच्या शिकाऊ वैमानिकांच्या या धावपट्टीवर विमानांना उंची नेमून देण्याचं काम त्याचं होतं. आणि अर्ध्या तासापूर्वी रायपूरहून येणाऱ्या विमानाची चाकं लोकेशच्या विमानाच्या छतावरून हातभर अंतराने गेली होती. लोकेशने दांडा पुढे रेटला म्हणून निभावलं. शेजारी बसलेली त्याची विद्यार्थिनी दामिनी मात्र छताला आपटली. आता ती मनोऱ्याच्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती, आणि कपाळावर दाबलेल्या रुमालातून रक्त भुवईपर्यंत उतरलं होतं.

"टेप लाव," लोकेशने चंद्रशेखरला कॉलर धरून यंत्रापाशी ओढलं.

टेप लागली. आधी चंद्रशेखरचा आवाज. रायपूरच्या विमानाला तीन हजार फूट. दामिनीला दोन हजार फूट, आणि लगोलग हवेच्या दाबाचा आकडा. मग दामिनीचा आवाज, "दोन हजार फूट." बस्स. ऐकलेला प्रत्येक आकडा वैमानिकाने परत म्हणायचा असतो, दाबाचा तिने म्हटलाच नव्हता. पुढे नुसती खरखर.

लोकेशची पकड सैल झाली. धावपट्टीभोवती घिरट्या घालताना इथे उंचीचा काटा जमिनीवर शून्य धरून लावतात. बाहेर निघताना दाबाचा आकडा घ्यायचा आणि काटा समुद्रसपाटी शून्य धरून लावायचा. इथली जमीनच समुद्रापासून हजार फूट वर. काटा लावायचा राहिला की दोन हजार दाखवणारं विमान खरं तर तीन हजारांवर उडत असतं.

लोकेश वळला आणि त्याने दामिनीच्या थोबाडीत ठेवून दिली. ती भिंतीवर आदळली. त्याने तिचे केस धरले.

"काटा लावला नाहीस. तेरा लायसन्स गया. आजच लिहून देतो."

आपण शेजारीच बसलो होतो आणि तो काटा आपल्याही नाकासमोर होता, हे तो सोयीस्कर विसरला. साहेब लोकांना हे छान जमतं.

लायसन्सला तीन आठवडे उरले होते. दामिनी नवेगाव बांधच्या मासेमाराची मुलगी, चंद्रशेखरच्या शेजारच्याच गावची. ती विमान घेऊन उडाली की त्याची छाती उगाच फुगायची.

टेपमध्ये नव्हती अशी एक गोष्ट एकट्या त्याला ठाऊक होती. दाबाचा आकडा परत आला नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. परत विचारणं त्याचं काम होतं, बटणावर बोटही गेलं होतं. पण गेल्या आठवड्यात त्याने असंच विचारलं तर लोकेश सगळ्यांना ऐकू जाईल असं रेडिओवर म्हणाला होता, "पोपट समझा क्या?" सगळी पोरं हसली होती. त्याने बोट काढून घेतलं. लावला असेल तिने, अशी मनाची समजूत घातली.

खरखरीमुळे नीट ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं तरी चौकशीत तो सुटणार होता.

"सोडा तिले," तो म्हणाला. तोंड रक्ताने भरलं होतं. "आकडा नाही आला हे मले समजलं होतं. तुमाले भेऊन विचारलं नाही."

लोकेशने केस सोडले. नोकरी गेली, पण पोरगी वाचली, असं चंद्रशेखरला वाटलं. खरं सांगायचं तर तिने आपल्याकडे कृतज्ञतेने पाहावं, असंही वाटलं.

दामिनी पुढे आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर, तोंडावर, फुटलेल्या ओठावर मारत सुटली. लोकेशपेक्षा जोरात.

"समजलं होतं? अन् मले मरू देऊन राहिले होते?"

तो मागे सरकत खिडकीला टेकला. ती थांबली ती दम लागला म्हणून.

"मी काट्याले हात लावला तं या सरायनं हातावर मारलं. म्हणे, बडबड नको, आधी चढ. मी बी यायच्याच भेवानं गप्प राहिली." तिने लोकेशकडे बघितलंही नाही. "मले वाटलं, तुमी विचाराल. तुमी विचारलं असतं तं यायले काटा लावू द्याच लागला असता."

चंद्रशेखरने मान वर केली नाही.