बिनदाराची शेकोटी

ताई आली की मांडीवरची पर्स खाली ठेवत नसे. चहाचा कप हातात घेतानाच म्हणे, "निघते मी." कधी गॅस चालू राहिलेला असे, कधी मांजर दाराशी बसलेलं असे. आता तर ती कायमचीच दूर लेकीकडे राहायला निघाली होती. तिच्या धाकट्या बहिणीला, साठी उलटली तरी सगळे जिला चिमणीच म्हणत, तिला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी ताईने एक संध्याकाळ निवांत बसावं.

म्हणून शेकोटी. लहानपणी परसात आंघोळीच्या पाण्याचा हंडा तापायचा आणि त्या चुलीपुढे ताई गोष्ट सांगायची. पुढून चटके, पाठीमागून काकडा, आणि धुराने डोळे चुरचुरले तरी उठवत नसे. विहिरीत पडलेल्या चोराची गोष्ट अर्धी झाली आणि ताईचं लग्न झालं. चोर विहिरीतच राहिला.

चिमणीचा नवरा नकाशे काढता काढता निवृत्त झालेला. "अंगणात चार दगड मांडू या," एवढंच ती म्हणाली, तर त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशेच पसरले. मग खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखलं, खड्डा खणून तळाला खडी घातली. चिमणीने हौसेने आणवलेले नदीतले गोटे बाद झाले.

"त्यांच्यात पाणी मुरलेलं असतं. तापले की फुटतात. ताईंना शेकायचंय की उडवायचंय?"

काळा दगड आला. शेकोटीभोवती गोल कट्टा झाला. ताईची पाठ दुखते, म्हणून कट्ट्याला कमरेच्या वर जाईल अशी दगडी पाठही झाली.

"पाणी लागलं का हो?" शेजारी कुंपणावरून रोज विचारायचा.

सिमेंट नीट वाळल्यावर ताईला बोलावलं. ती काखेत पर्स मारून आली, बांधकामाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली.

"चिमणे, छान झालंय गं. पण यात शिरायचं कुठून?"

चिमणीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने नकाशाकडे पाहिलं. इतके दिवस तो स्टुलावर चढून आतबाहेर करत होता. दार ठेवायचं राहिलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"स्टूल आहे ना," तो म्हणाला.

ताईला चढवणं म्हणजे कपाट माळ्यावर चढवण्यासारखं होतं. चिमणी आतून ओढत होती, नवरा बाहेरून आधार देत होता आणि ताई दोघांनाही दटावत होती. ती एकदाची कट्ट्यावर टेकली. मागोमाग नवरा चढायला गेला, तर स्टुलाचा पाय काडकन मोडला.

लाकडं पेटली. ताई सवयीने म्हणाली, "चला, निघते मी." उठली, वाकून पलीकडे पाहिलं आणि परत बसली.

"खुर्ची आणतो," नवरा बाहेरून म्हणाला.

"खुर्चीवर उलटी उतरू? या वयात? भावोजी, मला धडधाकट लेकीकडे जायचंय!"

"मग थांबा, दोन दगड काढतो." तो छिन्नी-हातोडा आणायला पळाला.

दार झालं की ताई गेलीच. चिमणीने घाईघाईने विचारलं, "ताई, त्या चोराचं पुढे काय झालं गं?"

"कुठला चोर?"

"विहिरीतला! माझी पन्नाशी गेली, साठी गेली, तो अजून तिथेच आहे."

ताई हसत सुटली, इतकी की पर्स मांडीवरून घसरली. "अगं वेडे, त्याला बाहेर कसं काढायचं हे मलाच सुचत नव्हतं. लग्न झालं म्हणून सुटले!"

"मग आता काढ."

ताईने आगीकडे पाय पसरले. सभोवारच्या दगडांकडे पाहिलं. "हं. तर त्या चोराने आधी ओरडून पाहिलं..."

पलीकडे हातोडा दगडावर टेकला.

"भावोजी, ठोकाठोक नको. गोष्ट चालू आहे."

"पण ताई, तुमचं मांजर?"

"बसेल दाराशी."

घसरलेली पर्स तिने पायाने कट्ट्याखाली सारली. नवऱ्याने छिन्नी खिशात घातली, दगडी पाठीवर कोपरं टेकली आणि बाहेरच्या थंडीत कुडकुडत विचारलं, "ओरडून काही उपयोग झाला का?"

"मधे बोलू नका," दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.